फलाट क्रमांक तीन

१ जुलै, मंगळवार

निवृत्त होऊन आज महिना झाला. एसटीत एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस परतूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं आणि उशिरा आलेल्या ड्रायव्हरला झापायचं. आता झापायला कुणी नाही. साडेपाचला जाग येते, सहाला अंघोळ, सातला पेपर वाचून संपतो. त्यानंतर दिवस सुरू होतो आणि काही केल्या हलत नाही.

घरात मी आणि बेबीनंदा, माझी बायको. काल मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले. संध्याकाळी तिला हळद सापडेना. आज पुण्याहून मुलीचा, भावनाचा फोन आला. माय-लेकी माझ्याबद्दलच बोलत असाव्यात, कारण मी खोलीत शिरलो की बेबीनंदा "हो, जेवण झालं" म्हणायची. मग भावनानं मला सांगितलं, बाबा, रोज थोडं लिहीत जा, विहारातल्या लोकांबरोबर कॅरम खेळत जा. खेळ मला जमायचा नाही. नोकरीत असताना स्थानकावर पत्त्यांचा जोड दिसला की मी जप्त करायचो. खेळ म्हणजे वेळेची चोरी, हे घरातही मी कायम बोलत आलो.

पण तिनं तिकडच्या एका रस्त्याचे फोटो पाठवले, ते आवडले. कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला फुलझाडांची रांग. आमच्यापुढेही तशी जागा आहे. सिमेंटच्या रस्त्यात आणि आमच्या भिंतीत पाच फूट रुंद, तीस फूट लांब मुरमाचा पट्टा उरला आहे. मालकी नगरपरिषदेची, उपयोग शेळ्यांचा. आजच टेप लावून मोजून घेतला.

३ जुलै

कुदळीनं हातांना फोड आले, तरी बरं वाटतंय. पट्ट्याचे पाच भाग पाडले. फलाट एक ते पाच, असंच म्हणतो. सवय जात नाही.

फलाट क्रमांक तीनवर, म्हणजे आमच्या दाराच्या जरा डावीकडे, एक लांबलचक शहाबादी फरशी दोन दगडांवर टेकवलेली होती. कधीची पडून आहे कोण जाणे. वर मधोमध कुण्या पोरांनी खिळ्यानं चौकोन ओरखडून त्यात फुल्या मारून ठेवल्या होत्या. फरशीखालची माती तर कचऱ्याचं आगर. चिंचोके निघाले, त्यातले कितीतरी बरोबर मधून फोडलेले. लसणाची सालं, दोन सुया, हिरव्या नि काळ्या बांगड्यांचे बोटभर तुकडे. लोक आपल्या दारासमोर काय काय आणून टाकतात.

फरशी उचलत होतो तेव्हा बेबीनंदा दारात आली. म्हणाली, "ती राहू द्या ना. पडून हाय तर पडून राहू द्या." म्हटलं, पडून राहण्यापेक्षा कामाला लागू दे. घणाचा पहिलाच घाव बरोबर मध्यावर बसला आणि फरशीचे चार तुकडे झाले. आळ्याला काठ म्हणून उभे गाडून टाकले. एकदम सुबक दिसतंय. सांगायला आत गेलो तर ती आडवी झाली होती. डोकं दुखतंय म्हणाली.

६ जुलै, रविवार

रोपवाटिकेतून रोपं आणली. एक नंबरला कण्हेर, दोनला तगर, तीनला मोगरा सात रोपं, चारला जास्वंद, पाचला पुन्हा कण्हेर. शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, म्हणून दोन्ही टोकांना तीच ठेवली. डोकं लावलंय.

संध्याकाळी पाच चाळीसला, आष्टीच्या गाडीच्या टायमाला, समोरच्या मैमूनाभाभी आल्या. महेमूदभाई टेलरांच्या मंडळी. गुडघ्यांनी अधू आहेत, खाली मांडी घालता येत नाही, तरी खास रस्ता ओलांडून आल्या. मोगऱ्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. हातात लसणाची पाटी होती. मी प्रत्येक रोपाचं नाव सांगितलं. "अच्छा हाय, भाई," म्हणाल्या आणि परत गेल्या. या गल्लीत कौतुक करणारं एक तरी माणूस निघालं.

९ जुलै

मैमूनाभाभी रोज त्याच टायमाला येतात. दोन मिनिटं उभ्या राहतात, जातात. आज मी म्हटलं, उभ्या कशाला, आत येऊन बसा. खुर्ची दिली. बेबीनंदाही आली. दोघी समोरासमोर बसल्या, मी मध्ये. गप्पा व्हाव्यात म्हणून मी अठ्ठ्याण्णव सालचा घाटात ब्रेक गेला होता तो किस्सा सांगितला. भाभींनी चहा घेतला आणि दूध तापत ठेवलंय म्हणून उठल्या. किस्सा अर्धाच राहिला.

१२ जुलै

मोगऱ्याला सकाळपासून सहा वेळा बघून आलो. दोन पानं पिवळी पडली आहेत. पाणी जास्त की कमी, हे पुस्तकातून कळत नाही. एक रोप उपटून मुळं बघितली आणि परत लावलं. तसं करायला नको होतं बहुतेक.

महेमूदभाईंकडून कळलं की ते घर सोडून चाललेत. मुलगा अतिक औरंगाबादला असतो, त्यानं फ्लॅट घेतला. डोळे गेल्यापासून महेमूदभाईंना सुईत दोरा ओवता येत नाही, दुकान बंदच आहे. ईद-ए-मिलाद झाली की त्यानंतरच्या रविवारी जाणार. घर विकणार, म्हणजे परत यायचं काम नाही.

घरी येऊन बेबीनंदाला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. कधी कळलं विचारलं तर म्हणाली, "झालं की दीड महिना." मला का सांगितलं नाही, हे विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का?

२० जुलै

मोगऱ्याच्या आळ्यात चिंचेची रोपं उगवून राहिलीत. परवा अकरा उपटली. काल आणखी चार. कुठून येतात कळत नाही, आसपास चिंच नाही.

बेबीनंदा संध्याकाळी आता टीव्हीपुढे बसते. टीव्ही चालू, पण बघत नाही, कारण काल बातम्या लावून दिल्या तरी तिनं बदलल्या नाहीत. बाहेर येऊन बघ म्हटलं, तगरीला कळी आली आहे. आली, बघितली, छान आहे म्हणाली, आत गेली. नोकरीत होतो तेव्हा अशी नव्हती. दुसरी पाळी संपवून आठला घरी यायचो तेव्हा चेहरा फुललेला असायचा. मी सायकलवरून उतरेपर्यंत चुलीवर चहा ठेवलेला. सायकलचा आवाज ओळखते, असं मी लोकांना कौतुकानं सांगायचो.

मी दिवसभर घरात असतो, तेव्हा तिला उलट बरं वाटायला पाहिजे.

२७ जुलै

आज डोक्यात प्रकाश पडला. या दोघींचं भांडण झालंय.

मैमूनाभाभी यायच्या थांबल्या. बेबीनंदाला विचारलं, भाभी का येत नाहीत? "येतील कुठं?" एवढंच म्हणाली. मैमूना हे नाव काढलं की हातातलं काम जोरात करते. बावीस वर्षांची शेजारीण, आणि निघायच्या तोंडावर असं बिनसावं, हे मला सहन होत नाही. बाई कायमची चालली आहे. अबोल्यातच गेली तर बेबीनंदा जन्मभर मनाला लावून घेईल. मी ओळखतो तिला. सहा रविवार उरलेत, हे मिटवलंच पाहिजे.

३ ऑगस्ट

महेमूदभाईंना गाठलं. त्यांनाही तोच संशय होता. भाभी घरात चिडचिड करतात, संध्याकाळ झाली की खिडकीत जाऊन बसतात. भांडण कशावरून असेल याचा आम्ही दोघांनी बराच विचार केला. महेमूदभाई म्हणाले कुर्बानीचं मटण पाठवलं होतं, त्यात कमीजास्त झालं असेल. मी म्हटलं भावनाच्या लग्नात मानपानाचं काही राहिलं असेल. लग्नाला सहा वर्षं झाली. मग टीव्हीवर दिवसभर जे चालतं त्यावरून काही बोलणं झालं असेल का, हेही दबक्या आवाजात निघालं. तसं नसावं, असं दोघांनीही दोन-दोनदा म्हटलं.

ठरलं असं, की पुढच्या रविवारी दोन्ही घरांनी आमच्याकडे जेवायचं.

१० ऑगस्ट, रविवार

जेवण झालं. मी दोघींना शेजारी शेजारी बसवलं आणि महेमूदभाईंबरोबर विषय काढला, की माणसानं मनात काही ठेवू नये. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मैमूनाभाभींनी बेबीनंदाच्या ताटात स्वतःच्या हातानं पोळी वाढली, बेबीनंदानं त्यांना उठताना हात दिला. भांडलेल्या बायका असं करत नाहीत. मग हे काय आहे?

दिवसभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी दोन नंबरची तगर काढून चारला लावली आणि चारची जास्वंद दोनला. बेबीनंदा दारातून बघत होती. म्हणाली, "त्यांना तरी एका जागी राहू द्या." हसतच म्हणाली, पण मला लागलं.

१९ ऑगस्ट

काही लिहिण्यासारखं नाही. मोगरा धरला. मन धरत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी गल्लीतल्या अप्पारावच्या शेळ्या आळ्यात घुसल्या. मोगऱ्याला फारसं काही झालं नाही, पण काठाच्या फरश्या आडव्या पडल्या. मी वरची बाजू आत करून गाडल्या होत्या, म्हणून तेव्हापासून ती बाजू दिसली नव्हती. धुवून नव्यानं बसवाव्यात म्हणून चारही तुकडे बाहेर काढले आणि रस्त्यावर जोडून ठेवले, मापं घ्यायला.

फरशीच्या दोन्ही टोकांना वीतभर जागा गुळगुळीत झाली आहे. तिथं दगड चमकतो, बाकी सगळा खरखरीत. मध्ये तो चौकोन. आडवे पाच, उभे पाच. कडेच्या मधल्या घरांत फुल्या. लहानपणी टेंभुर्णीला आमच्या आईच्या ओसरीवर असाच पट होता. चल्लस-आठ. मधून फोडलेले चार चिंचोके फाशांसारखे टाकायचे. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार, चारही काळे पडले तर आठ. आणि सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे. एकीच्या हिरव्या, एकीच्या काळ्या.

मी रस्त्यात बसलो होतो. एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला, शेवटी वळसा घालून गेला.

फोडलेले चिंचोके मी घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकले होते. काही मातीत राहिले असतील अख्खे, ते उगवले. पंधरा उपटले मी.

२९ ऑगस्ट

महेमूदभाई नमाजला गेलेत हे बघून भाभींकडे गेलो. सरळ विचारलं, तुम्ही दोघी तिथं रोज बसायच्या का? त्या बांधाबांध करत होत्या. आधी म्हणाल्या, जाऊ द्या भाई. मी दारातून हललो नाही. मग म्हणाल्या:

"बावीस साल बसलो भाई. पाचला बसायचं, तुमच्या टायमाला उठायचं. लसूण सोलायचं, डाव खेळायचं. तुम्ही रिटायर झाले, तसं थोडे दिवस थांबलो. तुम्ही फरशी फोडली त्या दिवशीच मी येऊन राह्यल्ते बोलायला. बेबीनं मना केल्तं. बोलली, मालकाचं मन लागलंय झाडात, महिनाभर घरात नुसते फिरून राह्यल्ते, मला बघवत नव्हतं. त्यांना कळलं तर सगळं उपटून टाकतील आन पुन्हा रिकामे होतील. आपण खेळलो खूप, बोलली."

मी विचारलं, मग घरात का नाही खेळलात? भाभी खाली बघून कपड्यांची घडी करत राहिल्या. "घरात तुम्ही असता ना, भाई," म्हणाल्या.

बरोबरच आहे. घरात मी असतो. पत्ते जप्त करणारा माणूस.

३० ऑगस्ट

फलाट क्रमांक तीन रद्द. मोगऱ्याची पाच रोपं काढून दोन आणि चारला सरकवली, कडेची दोन ठेवली. दोन दगडांच्या जागी विटांचा भरभक्कम ओटा बांधला, भाभींच्या गुडघ्यांना जमेल एवढा उंच. वर चारही तुकडे सिमेंटमध्ये बसवले. सांधे दिसतात. ते दिसणारच.

घण लागला होता तिथला, मधल्या घराचा टवका उडाला आहे. तिथं सिमेंट भरलं आणि ओलं असताना खिळ्यानं रेघा जुळवत होतो. बेबीनंदा कधी बाहेर आली कळलं नाही. मागं उभी राहून बघत होती. मी मान वर केली नाही, करवेना. थोड्या वेळानं तिनं माझ्या हातातून खिळा घेतला, वाकली आणि मधल्या घरात फुली मारली.

"घरच राह्यलं होतं," म्हणाली. "सोंगटी शेवटी तिथं जाती."

मी म्हटलं, सांगायचं ना मला. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी नवी फरशी आणली असती. अन् रोज येऊन विचारलं असतं, बरोबर बसली का म्हणून." हसली नाही. मग म्हणाली, "तीन महिने गेले." एवढं बोलून आत गेली. हे तीन महिने मी परत आणू शकत नाही. गाडी उशिरा आली तर माइकवरून दिलगिरी सांगायचो, इथं ती कुणाला सांगू?

१ सप्टेंबर

ओटा सुकला. पाच वाजता दोघी बसल्या. मी आधीच ठरवल्याप्रमाणे सायकल काढून निघून गेलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. स्थानकावर गेलो, बाकावर बसून सगळ्या गाड्या सुटलेल्या बघितल्या. नवा नियंत्रक बरा आहे, पण घाईत बोलतो. आठला परत आलो. कोपऱ्यावर वळलो तर मैमूनाभाभींचा आवाज आला, "आली तुझी गाडी." बेबीनंदा उठून आत गेली. मी उतरेपर्यंत चहा ठेवलेला.

सायकलचा आवाज वगैरे काही नव्हतं तर.

६ सप्टेंबर

रोज जातो, आठला येतो. आजची शेवटची संध्याकाळ होती. आठ वाजले, साडेआठ झाले, मी कोपऱ्यावरच सायकल धरून उभा राहिलो. दोघींना दिसलो असेन, पण गाडी आली असं कुणी म्हणालं नाही. शेवटी महेमूदभाईच काठी टेकत आले आणि भाभींना घेऊन गेले. डाव अर्धाच राहिला होता.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी टेम्पो भरला. अतिक घाई करत होता. दोघी काही फार रडल्या नाहीत. भाभींनी टेम्पोत चढताना ओट्याकडे बोट करून एवढंच सांगितलं, "हलवू नको गं. माझी हिरवी आठ घरं पुढं हाय." बेबीनंदा म्हणाली, सहाच. त्यावर दोघींचं खरंखुरं भांडण झालं आणि टेम्पो सुटेपर्यंत मिटलं नाही.

१४ सप्टेंबर

सोंगट्या जिथल्या तिथं आहेत. दिवसातून सहा वेळा बाहेर जाऊन बघतो. शेळ्या आल्या की हाकलतो, झाडलोटवाली पुष्पाबाई आली की तिला लांबूनच झाडायला सांगतो, आभाळ भरलं की पटावर घमेलं पालथं घालून त्यावर वीट ठेवतो. मोगऱ्याला परवापासून पाणी घालायचं राहून गेलं.

ओट्याच्या बुडाशी चिंचेचं एक रोप आलंय. ते राहू दिलं.

आज संध्याकाळी बेबीनंदा पहिल्यांदा बाहेर येऊन बसली. तिच्या टोकाला, मांडीवर लसणाची पाटी. समोरचं घर बंद. मला सायकल काढायची होती, पण ती म्हणाली, "बसा." बावीस वर्षांत ती मला तिथं बस म्हणाली नव्हती, कारण मी कधी त्या वेळी तिथं नव्हतो. मी दुसऱ्या टोकाला बसायला गेलो.

"तिथं न्हाई," ती म्हणाली. "ती मैमूनाची जागा हाय."

मग मी खाली बसलो, मोगऱ्याच्या आळ्यात. एक रोप मांडीखाली आडवं झालं, ते तसंच राहिलं. तिनं पाटीतला मूठभर लसूण माझ्या ओंजळीत टाकला. मी सोलायला घेतला. दहा मिनिटांत पाय भरून आले, तरी उठलो नाही. आष्टीची गाडी गेली, पाच चाळीस, बरोबर टायमावर. भाभी परत कधी येतील, विचारलं. एक काळी सोंगटी वाऱ्यानं जरा कलली होती, ती तिनं बोटानं सरळ केली आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली, फार हळू सोलता तुम्ही.